टान्याची डबी

मानपाड्याला, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला, पंढरीशेठचे ओळीने गाळे आहेत. एकात पावडर कोटिंग चालतं, एकात खोकी छापतात, एकात दिवसभर काहीतरी ठोकत असतात. अगदी टोकाच्या गाळ्यात टान्या बसते. तिच्या गाळ्यातून आवाज येत नाही, धूर येत नाही, टेम्पो लागत नाही. त्यामुळे इथे नक्की बनतं तरी काय, ही पंढरीशेठची जुनी पोटदुखी. ज्या जमिनीवर त्यांच्या बापाने भात लावला, तिथे आता काय पिकतंय एवढं तरी माणसाला कळायला नको?

दुपारी फेरी मारायला आले की ते दारातून डोकं आत घालायचे.

"काय गो टान्याबाय, आज पण मोबाइल बघत बसलीस?"

"काम आहे शेठ."

"कामच म्हणतो मी. माझी सून पण दिवसभर हेच काम करते."

त्या दिवशी ते आतच आले आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. मोबाइल टेबलावर उताणा ठेवलेला, त्याच्यावर काडेपेटीएवढी काळी प्लॅस्टिकची डबी बसवलेली, आणि तारेने जोडलेल्या दुसऱ्या पडद्यावर काहीतरी वळवळत होतं. बारीक डोकी, लांब शेपट्या. एक इकडून पळतंय, एक तिकडून, दोन एकमेकांना धडकून पुन्हा वाटेला लागतायत.

"आयला! ही तर बोयटाची पिलं! भरतीच्या वक्ताला खाडीत अशीच येतात. मामा मिठागरावर होता ना माझा, त्याच्याबरोबर जायचो मी. पाण्यात हात घातला की बोटांच्या मधून पळायची."

"तसलेच काहीतरी. पाण्यातले जीव आहेत."

"खाडीचं पाणी तपासतेस व्हय?"

"हो."

"मग लिही बाय त्याच्यात, पूर्वीसारखी मासळी नाय राहिली म्हणून." आणि फार मोठं काम मार्गी लावल्यासारखे शेठ निघून गेले.

टान्या उत्तनच्या कोळ्यांची पोर. मासळी नाय राहिली, हे वाक्य ती जन्मल्यापासून ऐकत आलेली. तिला हसू आलं. घरी जाऊन नवऱ्याला, पर्सीला सांगायला हवं, बोयटाची पिलं म्हणे, असं मनात आलं आणि तिथेच अडलं. पर्सी घरी नव्हता. सणाच्या दिवशी गेलेल्या माणसासाठी चुकून ताट वाढलं जावं, तसं तिचं दिवसातून दोन-तीनदा व्हायचं.

ते जीव पुरुषाचे होते. शुक्राणू. कल्याणच्या एका दवाखान्यातून निशिगंधा ते आणायची. निशिगंधा तिथली लॅब सांभाळते. ज्यांनी लिहून परवानगी दिलेली असते अशांच्या तपासणीतून उरलेले थेंब ती बाटलीत घालून आणते. बाटलीवर नंबर असतो, नाव नसतं. आणि बाटली असते बगलेत. "थंडी लागली की हे लोक झोपतात," ती म्हणायची. "रिक्षावाल्याला वाटतं बाईच्या हाताला लागलंय. चांगला हळू चालवतो बिचारा."

डबीची कल्पना टान्याची. मोठ्या शहरांतल्या मोठ्या लॅबमध्ये मोजायची मशिनं असतात, पण ती घेणं छोट्या दवाखान्याच्या बापजन्मात जमणारं नाही. तिथे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि अंदाजाने सांगायचं. आणि नवऱ्याचा नंबर लागतो तोही सगळ्यात शेवटी. आधी बाईची सोनोग्राफी, बाईचं रक्त, बाईच्या नळ्यांत रंग सोडून काढलेला फोटो. टान्याचं हे सगळं करून झालेलं होतं. त्या रंगाच्या वेळी ती टेबलाची कड धरून पडली होती, आणि वरच्या पंख्याकडे बघता बघता तिच्या डोक्यात आलं होतं की पुरुषाची तपासणी इतकी साधी, इतकी बिनदुखीची, तर तीच आधी का नाही? घरच्या घरी का नाही? कुणाच्या तोंडाकडे न बघता का नाही?

म्हणून डबी. आत मण्याएवढं भिंग. खाली सरकवायची पारदर्शक पट्टी, प्लॅस्टिकचे दोन तुकडे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने जोडलेले. टेपच्या जाडीएवढी फट राहते, त्या फटीत थेंब पसरतो, आणि मोबाइल किती आहेत आणि किती पळतायत ते मोजतो. निशिगंधाने दवाखान्याच्या सूक्ष्मदर्शकाशी आकडे ताडून बघितले आणि म्हणाली, "बाई, तुझी डबी माझ्यापेक्षा नीट मोजते. मला नोकरीवरून काढतील."

आकडे जुळले त्या संध्याकाळी टान्या पर्सीला घेऊन बाहेर जेवायला गेली होती. तिथेच पर्सी म्हणाला होता, "मग माझं पण बघू या की. घरचंच मशीन आहे."

पर्सी विमा कंपनीत कारकून; पण ती नुसती पोटाची सोय. खरा पर्सी बँडवाला. ठाण्याच्या जुन्या गावठाणात त्यांच्या घराण्याचा बँड आहे, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या लग्नांत वाजणारा. पर्सीचा ट्रम्पेट. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये तो बाथरूमचं दार लावून रियाझ करायचा, कारण टाइल्समुळे आवाज छान घुमतो. थंडीच्या दिवसांत लग्नं लागतात आणि थंडीतच ट्रम्पेटचं तोंड, म्हणजे तो माउथपीस, गार पडतो. गार पितळेतून सूर फाटतो. म्हणून वाजवायच्या आधी तो माउथपीस काढून टान्याच्या हातात द्यायचा. "धर." ती मूठ मिटून बसायची. कुठल्याही लग्नात बघा, टान्याची एक मूठ मिटलेलीच.

सॅम्पल कसं काढायचं, हा प्रश्न मात्र होता. पर्सी देवभोळा माणूस. दवाखान्यात एका खोलीत कोंडून घेऊन कपात द्यायचं, हे त्याच्या धर्मात बसत नव्हतं आणि त्याच्या लाजेत तर मुळीच नाही. त्याने फादरना गाठलं. फादर म्हातारे, समजूतदार. ते म्हणाले, नवरा-बायकोच्या नेहमीच्या संबंधातून घ्या; कॉन्डम वापरा, पण त्याला सुईने एक बारीक भोक पाडा, म्हणजे मूल द्यायला देवाला वाट राहते. पर्सीला हे पटलं. तो घरापासून लांबच्या, शहाडच्या एका मेडिकलमध्ये गेला, आणि तिथेही आधी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या.

सुई टान्याने गॅसवर धरून निर्जंतुक केली. दोघं खूप हसले त्या दिवशी. नंतर पर्सी गुडघ्यावर उशी घेऊन तिच्या शेजारी बसला, पडद्याकडे बघत. "बँडवाल्याचे आहेत. बघ, तालात चालतील."

पडदा उजळला. ते होते. पुष्कळ होते. आणि एकही हलत नव्हता. ओहोटीला चिखलात राहिलेल्या मासळीसारखे आडवेतिडवे पडलेले. टान्याने पट्टी सरकवली, दुसरी जागा बघितली, तिसरी बघितली. मोबाइलने मोजून आकडा दिला. पळणारे, शून्य.

"तुझं मशीन चुकत असेल," पर्सी म्हणाला.

आणि टान्या म्हणाली, "माझं मशीन चुकत नाही, पर्सी."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. एवढे महिने ज्या आकड्यांसाठी घालवले त्यांची ती बाजू होती, सवयीने घेतलेली. पोराला कुणी नाव ठेवलं की आई आधी पोराच्या पुढे उभी राहते, मग विचार करते, तसं. पण वाक्य तोंडातून सुटलं होतं. पर्सीने उशी जागेवर ठेवली. चादर नीट केली. त्या घरात चादर नीट करणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, "सीझन आलाय. प्रॅक्टिसला उशीर होतो. मम्मीकडेच राहतो थोडे दिवस." कुणालाही सांगता येईल असं कारण. ट्रम्पेटची पेटी गेली आणि कपाटावर तिच्या आकाराची, धूळ नसलेली जागा राहिली.

समोरच्या घरातल्या काकू लिफ्टजवळ भेटल्या. "हल्ली साहेब वाजवत नाहीत? बरं झालं... म्हणजे, तसं नाही हं, बरे आहेत ना, असं विचारत होते."

"बरे आहेत. सीझन आहे ना."

कुकर लावला की दोघांचाच भात व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात तोच. रविवारी ती एकटी चर्चला गेली तेव्हा बाकावर त्याच्यापुरती जागा सोडून बसली, आणि एक बाई सरळ येऊन तिथे बसली. एकदा तर ती बाथरूममध्ये दार लावून उभी राहिली आणि उगीच खोकली, आवाज घुमतो का बघायला. घुमला. ती लगेच बाहेर आली.

सासूबाईंचा, बर्नाडेटचा, फोन यायचा. "तू काय बोललीस गो त्याला? हा जेवतो, वाजवतो, झोपतो. तोंड नाय उघडत."

"काही नाही मम्मी."

"काही नाय कसं? माझा पोरगा लहानपणी पण असा फक्त एकदाच गप बसला होता, कुत्रा मेला तेव्हा."

काय सांगणार? हे दुःख असं होतं की ते सांगितलं तर पर्सी उघडा पडत होता, आणि नाही सांगितलं तर दोष तिच्यावर येत होता. तिने तो येऊ दिला. निशिगंधालाही काही बोलली नाही. ती तर रोज हेच काम करणारी बाई, मैत्रीण. पण नंबराची बाटली वेगळी आणि नावाची वेगळी.

मग एके दिवशी निशिगंधाचाच फोन आला, तोही चिडून. "टान्या, नवीन पट्ट्यांत काय घातलंयस गं? सकाळी थेंब टाकला तेव्हा नाचत होते. तासाभरात सगळे थंड. सूक्ष्मदर्शकाखाली साध्या काचेवर तेच सॅम्पल अजून पळतंय."

टान्याला पर्सीचा पडदा आठवला. पट्टी मारते आहे. पट्टीच मारते आहे!

ती धावत गाळ्यात आली. टेप बदलली होती. नेहमीचा व्यापारी म्हणाला होता, मॅडम, तीच आहे, फक्त कंपनी वेगळी. तिने जुन्या टेपचा तुकडा एका कपात टाकला, नव्या टेपचा दुसऱ्यात, आणि दोन्हींत निशिगंधाने आणलेल्या सॅम्पलचे थेंब सोडले. या धंद्यात विष ओळखायची हीच रीत: संशय असेल ती वस्तू चांगल्या, पळणाऱ्या जिवांबरोबर ठेवायची आणि बघत बसायचं. जुन्या टेपवाले पळत राहिले. नव्या टेपवाले हळू झाले, गोल गोल फिरायला लागले, थांबले. गोंदच विषारी होता.

तिने पर्सला हात घातला होता, फोन काढला होता, पर्सीचं नाव समोर होतं. मग तिला आठवलं की पर्सीची पट्टी तिने फेकलेली नाही. ती उठली, गाळ्यातलं कपाट उघडलं. तळाशी, रुमालात गुंडाळलेली. उजेडात धरली. नवी टेप पांढरी असते, जुनी जराशी पिवळट.

पर्सीच्या पट्टीची कड पिवळट होती. जुनीच टेप, बिनविषारी.

टान्याने फोन पर्समध्ये परत ठेवला. बाहेर पावडर कोटिंगवाल्यांची जेवणाची सुट्टी झाली होती, कुणीतरी कुणाला डब्यातल्या भेंडीवरून चिडवत होतं. ती बराच वेळ ते ऐकत बसली. आशा नव्हती तेव्हा बरं होतं, असं तिला वाटलं. आता ती पुन्हा पहिल्यापासून सोडायची होती.

काम मात्र संपवायला हवं होतं. टेप सापडली म्हणून बाकीच्यांना सोडायचं नाही, हा तिचा नियम. सॅम्पलला जे जे शिवतं ते ते तपासायचं. तिने सगळं टेबलावर ओळीने मांडलं, ज्या क्रमाने थेंबाचा प्रवास होतो त्याच्या उलट. सगळ्यात उजवीकडे पट्टी. तिच्या आधी ड्रॉपर. ड्रॉपरच्या आधी कप. एकेक वस्तू दोन बोटांनी सरळ करत ती डावीकडे गेली, आणि कपानंतर टेबल संपलं.

कपाच्या आधी काय?

दवाखान्यातून येणाऱ्या सॅम्पलच्या बाबतीत कपाच्या आधी नुसता माणूस असतो. म्हणून तिथे टेबल संपलं तरी चालत होतं. तिच्या घरी मात्र मध्ये आणखी एक वस्तू होती. तिने ती कधी यंत्राचा भाग म्हणून धरलीच नव्हती. ती तर फादरची होती, पर्सीच्या मनाच्या शांतीची होती, बेडरूमच्या खणातली होती. इंजिनिअर टान्या पट्टीपासून सुरू होत होती. त्याच्या अलीकडे ती नुसती बायको होती, आणि बायको काही तपासत नव्हती.

रिक्षा करून ती घरी गेली. खण उघडला. खोकल्याच्या गोळ्यांच्या बाजूला ते पाकीट तसंच होतं. त्यावर छान छापलेलं, जास्त सुखासाठी जास्त तेलकट. रिक्षावाल्याला तिने थांबवूनच ठेवलं होतं. "मॅडम, कायतरी विसरलात वाटतं?" तो म्हणाला. "हो," ती म्हणाली. "खूप आधीच विसरले."

गाळ्याचं शटर तिने अर्धं खाली ओढलं. कात्रीने तुकडा कापला, कपात टाकला, वर चांगल्या सॅम्पलचे थेंब. शेजारी दुसरा कप, नुसता. नुसत्या कपातले खेळत होते. तुकड्याच्या कपात पहिल्यांदा गर्दी जरा बावरल्यासारखी झाली. मग शेपट्या जड झाल्या. मग एकेक करून ते जिथल्या तिथे राहिले, आडवेतिडवे. तिने तो पडदा ओळखला. माणूस जसा एखाद्या खोलीला ओळखतो.

तिला आनंद होईल असं वाटलं होतं. तिने टेबलावर डोकं ठेवलं आणि ती रडली, फार नाही, शेजारच्या ठोकाठोकीत लपेल इतपत.

"टान्याबाय?" अर्ध्या शटरखाली पंढरीशेठच्या चपला दिसल्या. "आतमध्ये हायेस ना? बरी हायेस?"

"बरी आहे शेठ."

"पिलं जगली का?"

"काही जगली. काही मी मारली."

"पाणी बदल गो," शेठ म्हणाले. "पाणी बदललं का जगतात." आणि चपला गेल्या.

तिने निशिगंधाला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. सुईपासून उशीपर्यंत, आणि ते वाक्यसुद्धा. निशिगंधा ऐकत गेली, ऐकता ऐकता तिचा हात कपाळाला गेला.

"अगं बाई! साधा कॉन्डम? त्याच्या रबराने नि त्या तेलाने मरतातच ते! मला एका शब्दाने विचारायचंस."

"कसं विचारू? तू विचारलं असतंस कुणाचं आहे म्हणून."

"नसतं विचारलं."

"पण तुला कळलं असतं."

निशिगंधाने पर्समधून चिमटा काढून केस बांधले, तिची कामाला लागायची खूण. "वेगळे मिळतात. खास ह्याचसाठी, बिनतेलाचे, रबराचे नसलेले. आमच्याकडे असतात. तुमच्यातलेच असं नाही गं, कपात जमत नाही असे पुष्कळ असतात. मी उद्या आणते, तू आधी तुझ्या पद्धतीने तपास. पण ऐक. आता एवढंच कळलंय की आपल्याला काही कळलेलं नाही. पर्सी ठीक आहे असं याच्यातून निघत नाही."

"माहीत आहे."

"नक्की माहीत आहे ना? कारण तुझा चेहरा निघतंय असं सांगतोय."

शनिवारी पर्सीच्या चुलतभावाच्या, रॉड्नीच्या लग्नाचं उंबराचं पाणी होतं. लग्नाच्या आदल्या सांजेला नवऱ्याकडचे सगळे बँड लावून विहिरीवर जातात, पाणी काढतात आणि वाजतगाजत घरी आणतात. त्या पाण्याने नवऱ्याला आंघोळ. बर्नाडेटने बजावून सांगितलं होतं, "ये हो. नाय आलीस तर लोकं मला विचारतील, आणि मला कायच ठाऊक नाय."

टान्या बसने ठाण्याला गेली. गावठाणात शिरताच बाटली मसाल्याचा आणि तळलेल्या फुग्यांचा, मैद्याच्या त्या गोल वड्यांचा, वास आला. मांडवात लुगडी नेसलेल्या बायका, त्यांच्या मध्ये बर्नाडेट. तिने टान्याचं मनगट धरलं, तोंड निरखलं, आणि एवढंच म्हणाली, "आधी खा." मग एक चुलतसासू कानाशी आली. "टान्या, पुढच्या वर्षी तुमच्याकडे बाप्तिस्मा ना गो? का नुसतं मशीनच करतेस?"

"मशीनपण होत नाही नीट," टान्या म्हणाली. बायका हसल्या. तीही हसली.

पर्सी बँडच्या पहिल्या रांगेत होता. त्याने तिला बघितलं, ओळखीच्या माणसाला करतात तशी मान हलवली. लाल कोट त्याच्या खांद्यावर सैल झाला होता. वरात विहिरीपर्यंत गेली. तिथे बायका पाणी काढायला पुढे झाल्या, बँड थांबला, वादक सुपारी खात कठड्याजवळ टेकले. पर्सी एकटाच विहिरीच्या पलीकडे, चिंचेखाली जाऊन उभा राहिला. टान्या गेली.

"बोलायचंय."

"आता? इथे?"

"घरी तू येत नाहीस."

त्याने ट्रम्पेटचं पाणी झटकलं. "बोल."

"त्या दिवशीचे... तू तसा नव्हतास. म्हणजे ते मेलेले होते, पण ते आपण मारले. त्या कॉन्डमच्या तेलाने मरतात. मी बुधवारी दुसऱ्याचे चांगले पळणारे घेतले आणि त्याचा तुकडा त्यांच्यात टाकला. डोळ्यांसमोर थांबले."

पर्सी तिच्याकडे बघत राहिला. विहिरीत कळशी आपटल्याचा आवाज आला, बायकांनी गाणं उचललं.

"म्हणजे मी ठीक आहे?"

हो म्हणणं किती सोपं होतं. इतक्या दिवसांनी त्याने सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं होतं. हो म्हटलं असतं तर पेटी आजच घरी आली असती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही. त्या दिवशी पण माहीत नव्हतं. तरी मी सांगितलं."

"तू म्हणालेलीस मशीन चुकत नाही."

"मशीन नाही चुकलं. मी चुकले. मी पट्टीवर काय आलं ते बघितलं, कुठून आलं ते नाही बघितलं. सगळ्यांचं बघते. तुझंच नाही बघितलं."

पर्सीने मान फिरवली. कोटाच्या बाहीने ट्रम्पेटची कड पुसत राहिला, स्वच्छच होती ती.

"फादरना सांगू नको," शेवटी तो म्हणाला. "म्हाताऱ्याला वाटेल, सगळे त्यांनीच मारले."

टान्याला हसू फुटलं.

"परत बघायचं म्हटलं तर?" त्याने ट्रम्पेटकडे बघतच विचारलं.

"वेगळे मिळतात. आणलेत मी, पर्समध्ये आहेत. आधी तपासलेत. दुपारभर पळत होते आतमध्ये."

"कोण?"

"नंबर असतो. नाव नसतं."

"दुपारभर. भजनी मंडळातला असेल."

"पर्सी."

"आणि मग तू परत त्या पडद्यासमोर बसणार. आणि मी तुझ्या बाजूला."

"नको असेल तर मी नाही बसणार. निशिगंधा बघेल. नाहीतर कुणीच नाही बघणार. तू ठरव."

विहिरीवरून कळश्या डोक्यावर घेऊन बायका वळत होत्या, आणि पलीकडून बँडमास्तर काकांची हाक आली, "पर्सी! कुठे गेला रे हा? चला, चला!" सूर्य खाडीच्या बाजूला उतरला होता, वाऱ्यात गारवा धरला होता. पर्सीने ट्रम्पेट ओठाला लावला, हलकेच फुंकून बघितलं. सूर चरचरला. त्याने माउथपीस पिरगळून काढला, क्षणभर स्वतःच्याच हातात धरला. मग पुढे केला.

"धर."

टान्याने मूठ मिटली. पितळ बर्फासारखं होतं. पर्स काखेत, दोन्ही हात एकात एक घालून ती उभी राहिली, आणि तो तिच्या शेजारी, हात मोकळे सोडून. ढोल लागला. काकांनी या वेळी शिवी घातली. पर्सीने तळवा पुढे केला, तिने त्यावर माउथपीस ठेवला, आणि तो धावत जाऊन रांगेत मिळाला.

वरात परत निघाली. घरी येणार का, ते त्याने सांगितलं नव्हतं. टान्या सगळ्यांत मागे, कळशी नसलेल्या बायकांबरोबर चालत होती. पुढे ट्रम्पेट उठला, पहिलाच सूर न फाटता लागला. तिने बोटं नाकाशी नेली. पितळेचा वास होता. बर्नाडेटने मागे वळून बघितलं आणि विचारलं, "हात दुखतोय का गो?"

"नाही मम्मी," टान्या म्हणाली. "गार आहे नुसता."